बाबांचा उरलेला एक शब्द

या प्रकरणातली माणसं कुठल्या एका घरातली नाहीत. समुपदेशनाच्या खोलीत पुन्हा पुन्हा समोर येणारे धागे एकत्र करून, काही तपशील रचून हे प्रकरण उभं केलं आहे. आजाराविषयी आणि मानसशास्त्राविषयी जे लिहिलंय ते मात्र रचलेलं नाही.

येण्याचं कारण

पहिल्याच सत्राला तो वही घेऊन आला. वय ४३, व्यवसायाने लेखापाल. वहीच्या पानावर मधोमध रेघ. डावीकडे ‘जमा’, उजवीकडे ‘नावे’. बाबांनी आपल्यासाठी केलं ते जमेला, बाबांनी आपल्याला केलं ते नावे. जमेच्या अकरा नोंदी, नावेच्या एकतीस. ‘पण नुसत्या नोंदी मोजून भागत नाही,’ तो म्हणाला. ‘कुठली नोंद केवढ्याची धरायची तेच कळत नाही. तुम्ही बाकी काढून द्या, म्हणजे पुढे कसं वागायचं ते ठरवता येईल.’

झोपेचं त्याने जाता जाता सांगितलं. पाच महिने रात्री तीनच्या सुमारास जाग यायची आणि मग डोळा लागत नसे. कामात चुका व्हायला लागल्या होत्या. आणि तीन आठवड्यांपूर्वी नऊ वर्षांच्या मुलावर तो ‘गप्प!’ म्हणून ओरडला होता. मुलगा रडला नाही. त्याने टेबलावरच्या वह्या उचलल्या आणि कडेला कड जुळवून रचून ठेवल्या. ‘मीही अस्संच करायचो,’ हे सांगताना त्याचा आवाज बसला.

पीएचक्यू-९ या प्रश्नावलीवर २७ पैकी ११ गुण आले, म्हणजे नैराश्याची लक्षणं मध्यम. जीव द्यावासा वाटतो का, हे मी सरळ विचारलं. नाही म्हणाला. मग बराच वेळ थांबून त्याने विचारलं, ‘दुसऱ्या कोणाचा जावा असं वाटलं, तर ते यात धरतात का?’

घर

बाबांचा घरात वचक होता. संध्याकाळी दाराची कडी कशी वाजते यावरून पुढचे तीन तास कसे जाणार हे आई आणि दोन्ही मुलं ओळखायची. मार चौदाव्या वर्षापर्यंत. हाताने, कधी पट्ट्याने. नंतर शब्दांनी. सगळ्यांत जास्त वापरलेला शब्द ‘गप्प’. काही विचारलं तरी गप्प, हसलं तरी गप्प, रडणं थांबलं नाही तर तेही गप्प.

जमेच्या बाजूची पहिली नोंद होती ‘पेन्सिली’. बाबा रोज रात्री ब्लेडने त्याच्या पेन्सिली तासून ठेवायचे. उंचीप्रमाणे लावून, टोकं एका दिशेला. ज्या दिवशी मार बसला असेल त्या दिवशीसुद्धा. सकाळी गालावर वळ आणि दप्तराशेजारी चार तासलेल्या पेन्सिली. तो कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत बसायचा. हे ‘चुकलं’ म्हणणं आहे का? की फक्त शिस्त? बाबा त्याबद्दल कधी एक अक्षर बोलले नाहीत, आणि विचारण्याची कोणाची छाती नव्हती.

चौदाव्या वर्षानंतर हात उगारला गेला तो एकदाच. तो ३१ वर्षांचा असताना, लग्नाला दोन महिने झाले होते, आणि बाबांनी बायकोसमोर त्याच्या कानाखाली मारली. त्यानंतर सहा वर्षं बोलणं बंद. नातू तीन वर्षांचा होईपर्यंत बाबांनी त्याला पाहिलंही नव्हतं. या सहा वर्षांची त्याला भयंकर लाज वाटायची. वहीत ती ‘माझ्या नावे’ अशी वेगळी लिहिलेली होती. मी त्याला आकडे सांगितले, कारण हा माणूस आकड्यांवर विश्वास ठेवणारा होता. अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, मोठ्या झालेल्या मुलांपैकी सुमारे २६ टक्क्यांचं वडिलांशी कधी ना कधी नातं तुटलेलं आढळलं. आईच्या बाबतीत हे प्रमाण ६ टक्के होतं. वडिलांशी तुटलेल्यांपैकी सुमारे ६९ टक्के पुढे पुन्हा संबंधात आले. ‘म्हणजे मी काही जगावेगळा नाही,’ तो म्हणाला. मी म्हटलं, त्या सहा वर्षांत तुमच्या घरात काय झालं ते आठवा. तेव्हा झोप लागायची, बायकोशी सूर जुळला, मुलगा झाला. अंतर ठेवणं हा दरवेळी पळपुटेपणा नसतो. जिथे मारहाण किंवा लैंगिक अत्याचार चालूच आहे, तिथे तर आधी अंतर आणि मग बाकीचं सगळं, असंच मी सांगते. इथे तसं नव्हतं. इथे मारणारा हातच आता लुळा पडला होता.

आजार

तो माझ्याकडे आला त्याच्या आठ महिने आधी बाबांना, वयाच्या ७४ व्या वर्षी, स्ट्रोक झाला. मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात. बहुतेक माणसांची भाषा त्याच बाजूला असते आणि शरीराची उजवी बाजूही तिथूनच हलते, त्यामुळे उजवा हात-पाय आणि वाचा एकदमच गेली. वाचाघाताचा हा प्रकार असा, की समोरच्याचं बोलणं बरंचसं समजतं, पण स्वतःचा शब्द जुळवता येत नाही. १८६१ साली पॅरिसमध्ये फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी अशा एका रुग्णाचं वर्णन केलं होतं. तो रुग्ण कुठल्याही प्रश्नाला ‘टॅन’ एवढंच उत्तर देऊ शकत असे. ठरवून बोलायचं वाक्य हरवतं; पण तोंडात पक्कं बसलेलं काहीबाही, म्हणजे आकडे, एखादी ओळ, शिवी, शिल्लक राहू शकतं.

बाबांकडे शिल्लक राहिला तो शब्द ‘गप्प’.

पाणी हवं असलं की गप्प. पांघरूण सरकलं की गप्प. नातू आला की वरच्या पट्टीत, जवळजवळ गाण्यासारखं, गप्प-गप्प. स्पीच थेरपिस्टने चित्रांचा तक्ता करून दिला होता, हो-नाहीची कार्डं दिली होती, आणि घरच्यांना बजावलं होतं की शब्दाकडे लक्ष देऊ नका, सूर आणि डोळे बघा. आईला ते आठवड्यात जमलं. त्याला जमेना. तो शब्द कानावर पडला की पोटात गोळा यायचा आणि मान खाली जायची. चाळिशी ओलांडलेल्या माणसाची मान, पलंगाला खिळलेल्या म्हाताऱ्यापुढे. डोक्याला कळत होतं की हा शब्द आता पाणी मागतोय. अंगाला कळत नव्हतं.

त्यात रोजचा व्यायाम त्याच्याकडे आलेला. स्ट्रोकनंतर स्नायू आखडतात. बाबांच्या उजव्या हाताची मूठ वळून घट्ट बसायची. ती एकेक बोट करून उघडायची, तळवा ताणून धरायचा, पुसायचा, नखं कापायची. ‘या मुठीला मी एवढा घाबरायचो,’ तो म्हणाला, ‘आणि आता ती उघडताना त्यांना दुखू नये म्हणून जपतो. मला दोन्हींचा राग येतो. ती मूठ वळायची त्याचा, आणि मी जपतो त्याचा.’

दवाखान्यातली ती रात्र

पहिल्या दिवशी त्याने जे अर्धवट विचारून सोडलं होतं, ते तिसऱ्या सत्रात बाहेर आलं. बाबांना दाखल केलं त्या रात्री बाहेरच्या बाकावर बसून त्याच्या मनात स्वच्छ वाक्य आलं होतं: हे आता गेले तर सगळेच सुटू. आणि पाठोपाठ, दुसऱ्याच क्षणी: हे गेले तर माझं काय होईल. दोन्ही वाक्यं खरी. त्यानंतर आठ महिने तो पहिल्या वाक्याची शिक्षा भोगत होता. सेवेत कसूर नाही, सुट्टी नाही, कोणाला वाटा द्यायचा नाही. बाहेरून बघणारे म्हणत, असा मुलगा पाहिजे. ते ऐकलं की त्याला ओकारी यायची.

एकाच माणसाबद्दल एकाच वेळी दोन उलट भावना असण्याला मानसशास्त्रात ‘अँबिव्हॅलन्स’ म्हणतात. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगन ब्लॉयलर यांनी १९१० मध्ये हा शब्द वापरात आणला. सुरुवातीला तो आजाराच्या संदर्भात होता. पुढे ती जवळच्या बहुतेक नात्यांतली रोजची गोष्ट मानली गेली. मी त्याला एवढंच सांगितलं, की ज्याची सेवा करून आपण थकतो त्याच्या मरणाचा विचार मनात येणं हे खूप जणांकडून ऐकायला मिळतं, दार बंद झाल्यावर. विचार आला म्हणून काही घडलं नाही. रक्ताची गुठळी तुमच्या विचाराच्या आधीच अडकली होती. त्यावर तो पहिल्यांदा हसला.

इथे मी चुकले

चौथ्या-पाचव्या सत्रात मी घाई केली. त्याच्या बाबांचं लहानपण कसं होतं हे विचारलं. आठव्या वर्षी आई गेलेली, एका नातेवाइकाकडे वाढलेले, तिथे मार. हे ऐकून मी, मला वाटलं फार हळुवारपणे, म्हटलं की त्यांना दुसरं काही शिकवलंच गेलं नव्हतं. त्याने वही मिटली. पुढची दोन सत्रं तो आला नाही.

परत आला तेव्हा म्हणाला, ‘आई चाळीस वर्षं हेच सांगत आली. ते तसेच आहेत, त्यांचं मन वाईट नाही. मला वाटलं निदान इथे तरी कोणी माझ्या बाजूने बसेल.’ बरोबर होतं त्याचं. वडिलांच्या वागण्यामागचं कारण कळणं उपयोगाचं असतं, पण ते कधी कळावं हे फार महत्त्वाचं. ज्याचं दुखणं अजून कोणी ऐकूनच घेतलेलं नाही, त्याला कारण सांगणं म्हणजे मारणाऱ्याची वकिली. मी माफी मागितली, शब्दांत. तो गोंधळलाच. मोठं माणूस आपल्याला ‘माझं चुकलं’ म्हणतंय हा प्रसंग त्याच्या हिशेबात नव्हता.

मग आम्ही मागे गेलो आणि नावेच्या एकतीस नोंदी एकेक करून नुसत्या ऐकल्या. त्यांत एक विचित्र गोष्ट दिसली. जवळजवळ प्रत्येक नोंदीच्या शेवटी कंसात त्याचा स्वतःचा दोष लिहिलेला होता. (मी उशिरा आलो होतो.) (मी उलट बोललो.) (ग्लास माझ्याच हातून फुटला.) स्कॉटिश मनोविश्लेषक रोनाल्ड फेअरबेर्न यांनी १९४३ मध्ये याची उकल मांडली होती. ज्याच्यावाचून चालत नाही तो पालक वाईट आहे, हे मुलाला सोसत नाही. त्यापेक्षा वाईटपणा स्वतःकडे घेणं परवडतं. कारण मी वाईट असलो, तर मी सुधारू शकतो आणि सगळं ठीक होऊ शकतं. बाबाच वाईट असले तर मग आशाच नाही. त्याला मी म्हटलं, आता हे कंस पुन्हा वाचा, आणि वय तुमच्या मुलाचं धरा. त्याने तीन वाचले आणि पुढे वाचू शकला नाही. राग, खरा राग, त्या दिवशी आला. त्याआधी जे होतं ते रागाचं हिशेबी रूप होतं.

बहिणीचे बाबा वेगळे

धाकटी बहीण पाच वर्षांनी लहान. तिच्या आठवणीतले बाबा नकला करतात, खांद्यावर बसवून फिरवतात. ‘दादा, तू फार वाढवून सांगतोस,’ हे तिचं जुनं वाक्य. तो चिडायचा, आणि मनातून स्वतःवरच शंका घ्यायचा. खरं तर दोघंही खरं बोलत होती. दोन मुलांना एकाच घरात दोन वेगळे वडील मिळू शकतात. क्रम, वय, मुलगा की मुलगी, त्या काळातला घरचा ताण, सगळ्याने फरक पडतो. तिच्याशी वाद जिंकायचा नाही एवढं ठरलं. त्याऐवजी त्याने तिला एक व्यवहाराची गोष्ट मागितली: आठवड्यातले तीन दिवस व्यायाम तू घे. तिने लगेच घेतले. एवढी वर्षं कोणी मागितलंच नव्हतं.

आईने मात्र विषय बंद केला. ‘आता काय ते उकरून काढायचं?’ मी त्याला आईशी पुन्हा बोलण्याचा आग्रह केला नाही. तिचाही एक हिशेब असणार, आणि तो तिचा तिने उघडायचा.

डोळ्यांतलं पाणी

या प्रकरणातला मला सगळ्यांत अवघड वाटलेला भाग हा.

आजारानंतर बाबा रडायला लागले. तो खोलीत आला की डोळे भरून यायचे, कधी हुंदके. तीन महिने त्याने मनाशी धरून ठेवलं होतं की हा पश्चात्ताप आहे. शब्द नाहीत म्हणून अश्रू. मग एका तपासणीत डॉक्टरांनी सहज सांगितलं, की स्ट्रोकनंतर रडण्या-हसण्यावरचा ताबा सुटतो. पहिल्या सहा महिन्यांत साधारण पाचातल्या एका रुग्णाला हा त्रास होतो, औषधाने कमी होऊ शकतो. त्यांच्या दृष्टीने हा दिलासा होता. त्याच्या दृष्टीने कोणी हातातलं काढून घेतलं होतं. रात्री तीनची जाग त्या आठवड्यापासूनची. तारखा जुळवताना हे आमच्या लक्षात आलं.

मग ते अश्रू कशाचे? बाबांना नीट विचारता येत नाही, त्यांना सांगता येत नाही. हो-नाहीच्या कार्डांवर एवढा मोठा प्रश्न मावत नाही. त्याने एकदा प्रयत्न केला, बाबांनी आधी ‘हो’ दाखवलं, मग ‘नाही’, मग कार्डं ढकलून दिली. मेंदूच्या इजेने आलेलं रडणं आणि मनातून आलेलं रडणं नेहमी वेगळं काढता येत नाही. दोन्ही एकत्रही असू शकतं.

अमेरिकन कुटुंबोपचारतज्ज्ञ पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकापासून ‘अँबिग्युअस लॉस’, म्हणजे संदिग्ध वियोग, या कल्पनेवर काम केलं. माणूस देहाने नाही पण मनात आहे, किंवा देहाने समोर आहे पण पूर्वीचा तो राहिलेला नाही. अशा दुःखाला शेवट नसतो, आणि शेवट शोधत बसलं की माणूस अडकतो, असं त्यांचं म्हणणं. इथे तर त्याला एक जास्तीचा पदर होता. त्याच्यापासून दूर गेले होते ते प्रेमळ बाबा नव्हेत. ज्यांच्याशी एकदा भांडायचं होतं, ज्यांच्याकडून एकदा ‘चुकलं माझं’ ऐकायचं होतं, ते बाबा गेले होते आणि त्यांच्या पलंगावर हे दुसरे आले होते. भांडण राहूनच गेलं. या राहून गेलेल्या भांडणाचंही सुतक असतं, आणि ते कोणी पाळू देत नाही.

मी त्याला विचारलं, हे अश्रू कशाचे होते हे कधीच कळलं नाही, तर? तो म्हणाला, ‘मग पेन्सिलींसारखंच झालं.’ ही जोडणी त्याची स्वतःची. मला ती सुचली नव्हती.

पत्र

लिहून काढण्याचा उपाय मी सुचवला तो नेहमीचाच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आपल्या सगळ्यांत त्रासदायक अनुभवाविषयी लिहिलं होतं. मीही तेवढंच सांगितलं. हा चार दिवसांनी चौदा पानं घेऊन आला, बाबांना उद्देशून, मुद्देवार, आणि म्हणाला की रविवारी त्यांच्यासमोर वाचणार.

यावर आमचे दोन तास गेले. वाचण्याचा हक्क त्याचा होता, हे मला मान्य होतं. पण ज्याला सगळं समजतं आणि उत्तर देता येत नाही, अशा माणसापुढे चौदा पानी आरोपपत्र वाचणं म्हणजे काय? मी माझं मत लपवलं नाही. म्हटलं, तुम्ही लहान असताना नेमकं हेच होत होतं. एक बोलायचा आणि दुसऱ्याला उत्तर द्यायची सोय नव्हती. तो उठून खिडकीशी गेला. परत येऊन म्हणाला, ‘मग हे कोणाला वाचून दाखवू?’ त्याने ते रिकाम्या खुर्चीला वाचून दाखवलं, माझ्यासमोर, पुढच्या दोन सत्रांत. ओरडून वाचलं. सातव्या पानावर ‘गप्प बसा आता तुम्ही’ असं लिहिलेलं नसताना म्हणाला. मग खुर्चीकडे बघत राहिला.

माफीचं काय, असं मला प्रत्येक वेळी विचारलं जातं. माफ केलं की मोकळं वाटतं असं सगळीकडे वाचायला मिळतं, आणि कित्येकांना तसं वाटतंही. पण माफ करायलाच हवं ही सक्ती मला पटत नाही. त्याने केलं का? मी विचारलं नाही. त्याने एवढं केलं, की बाबांकडून वसूल व्हायची जी बाकी होती ती बुडीत खात्यात टाकली. हा त्याचाच शब्द. ‘बुडीत खातं म्हणजे कर्ज नव्हतं असं नाही,’ त्याने मला समजावलं. ‘येणं होतं. ते येणार नाही, एवढं लिहून ठेवायचं, आणि दरवर्षी त्या भरवशावर खर्च करायचा नाही.’

पुढे

अकरा महिन्यांत तेवीस सत्रं झाली. शेवटी पीएचक्यू-९ वर ५ गुण होते. तो अजून बाबांकडे जातो, आठवड्यातले चार दिवस. काही दिवस ‘गप्प’ ऐकून मान खाली जाते, काही दिवस जात नाही. मुलावर तो मधल्या काळात आणखी दोनदा ओरडला. दोन्ही वेळा त्याच रात्री मुलाच्या खोलीत जाऊन, ‘मी ओरडलो ते चुकलं, वही विसरणं एवढं मोठं नव्हतं,’ असं तोंडाने म्हणाला. दुसऱ्या वेळी मुलगा म्हणाला, ‘बाबा, मला झोप आलीये.’ हे त्याने मला फार आनंदाने सांगितलं.

चौदा पानांपैकी दोन पानं त्याने बाजूला काढून ठेवली होती, पेन्सिलींची. ती त्याने एका संध्याकाळी बाबांना वाचून दाखवली, त्यांची मूठ उघडून झाल्यावर. त्यांत आरोप नव्हता, प्रश्नही त्याने खोडून टाकला होता. रोज चार असायच्या, टोकं एका दिशेला असायची, मी त्यांच्याकडे बघत बसायचो, एवढंच.

बाबा म्हणाले, ‘गप्प.’

‘कसं म्हणाले?’ मी विचारलं.

‘हळू. डोळ्यांत पाणी होतं, पण ते तर असतंच.’ तो जरा थांबला. ‘नाही सांगता येत. मी बराच वेळ बसलो त्यांच्याजवळ. मग घरी आलो. झोपलो तो एकदम सकाळी सातला उठलो.’